श्वासावर चालणारी पेटी



आपल्या भजनातली पेटी भात्यावर चालते. भात्याच्या जागी माणसाचा श्वास आला की झाली मेलोडिका. दोन्हींच्या पोटात एकच करामत आहे: एका टोकाला पक्की बसवलेली धातूची पातळ पट्टी हवेने थरथरते आणि सूर निघतो. चीनमधल्या 'शंग' या प्राचीन वाद्यातही हेच तत्त्व आहे.

जर्मनीतल्या ट्रॉसिंगेन गावी मथियास होनर हा घड्याळाचा कारागीर १८५७ पासून माउथ ऑर्गन बनवू लागला. पुढे त्याच्याच नावाच्या कंपनीने १९५० च्या दशकाच्या अखेरीस मेलोडिका आणली. सुरुवातीच्या काही नमुन्यांत काळ्या सुरांसाठी डावा हात आणि पांढऱ्यांसाठी उजवा, अशी योजना होती. पुढे जपानच्या शाळांतून ती लाखो मुलांच्या हाती गेली, आणि तिथेच तिचे नशीब ठरले. मुलांचे वाद्य, म्हणजे खेळणे!

आमच्या गायनमंडळातही हा शब्द ऐकू येतो. मला तो पटत नाही. १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबँ याने नावारूपाला आणलेली हार्मोनियम लहान चर्चेसनी घेतली, कारण नळ्यांचा मोठा ऑर्गन त्यांना परवडत नव्हता. आपल्याकडे तिच्यातून मींड निघत नाही म्हणून आकाशवाणीने १९४० ते १९७१ तिला दूर ठेवले. घरोघरच्या भजनांत मात्र ती वाजतच राहिली. खेळणे म्हणून हिणवलेल्या मेलोडिकाचेही तसेच झाले. जमैकाच्या ऑगस्टस पाब्लोने १९७० च्या दशकात तीच हाती घेऊन अशी उदास, गूढ धून काढली की रेगे संगीताचा एक नवा बाजच तयार झाला.

एक अडचण मात्र खरी आहे. पेटीवाला वाजवता वाजवता गातो, मेलोडिका वाजवणाऱ्याला गाता येत नाही. त्याचा सगळा श्वास इतरांच्या गाण्याला जातो. १५० व्या स्तोत्रात कर्ण्यापासून झांजांपर्यंत वाद्ये येतात आणि शेवटी श्वास असलेला प्रत्येक जीव येतो. आमच्या वर्गातल्या मुलांना मी हे स्तोत्र शिकवतो तेव्हा मेलोडिका आठवतेच.

मुलांना ती द्यायची असेल तर फुंकणी प्रत्येकाची वेगळी ठेवा, आणि वाजवून झाल्यावर आत साठलेले पाणी काढून टाका. नाहीतर पट्ट्या गंजून सूर बिघडतात.