घुबड, जलदेवता आणि पारखी

नाणे हाती आले की आपण त्याचे मोल पाहतो, मुद्रा क्वचितच पाहतो. प्राचीन ग्रीकांची चांदीची नाणी मात्र अशी आहेत की, मोलाचा विचार बाजूस सारून त्यांचे रूपच न्याहाळीत बसावेसे वाटते. त्यांपैकी दोन नगरांची नाणी आम्हांस विशेष विचारार्ह वाटतात : सिसिली बेटावरील सिराक्यूजची आणि अथेन्सची.

नाणे पाडण्याची रीत दोन्हीकडे एकच होती. एक ठसा ऐरणीत बसवावयाचा, त्यावर तापविलेली चांदीची चकती ठेवावयाची, वर दुसरा ठसा धरून घणाचा घाव घालावयाचा. सारे कौशल्य ठशात. कारण तो उलटा आणि खोल कोरावा लागे. सिराक्यूजच्या कारागिरांनी हे कौशल्य पराकोटीस नेले. इ. स. पू. पाचव्या शतकाच्या अखेरीस किमोन या कारागिराने अरेथुसा या जलदेवतेचे मुख समोरून कोरले. तिचे मोकळे केस पाण्यावर तरंगल्यासारखे पसरले आहेत आणि बटांमधून डॉल्फिन मासे सुळकन जात आहेत. त्याच सुमारास एवेनेतोस आणि किमोन यांनी दहा द्राख्म्यांची, सुमारे ४३ ग्रॅम वजनाची मोठी नाणी घडविली. त्यांच्या एका अंगास देवतेचे मुख आणि दुसऱ्या अंगास धावता चार घोड्यांचा रथ आहे. नवल असे की, या कारागिरांनी राज्याच्या नाण्यावर स्वतःचे नाव बारीक अक्षरांत कोरले, आणि राज्याने ते कोरू दिले.

अथेन्सचे नाणे याच्या अगदी उलट. एका बाजूस अथेना देवी, दुसऱ्या बाजूस तिचे घुबड, ऑलिव्हची डहाळी आणि नगराच्या नावाची तीन अक्षरे. आपल्याकडे सामान्यतः अशुभ मानलेला, पण बंगालात लक्ष्मीचे वाहन होऊन बसलेला हा पक्षी तेथे संपत्तीची खूण ठरला. इ. स. पू. ४४७ पासून त्याच नगरात पार्थेनॉनचे अनुपम शिल्प घडत होते. तरी नाण्यावरील देवीचा डोळा मात्र जुन्या घडणीचाच, एका बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्यावर समोरून काढलेला, तसाच राहिला. कौशल्य उणे होते म्हणून नव्हे. दूरदेशींचे व्यापारी ज्या मुद्रेवर विश्वास ठेवीत होते, ती बदलण्याचे धाडस राज्याला करवेना, असे अभ्यासक मानतात.

पुढे या दोन नगरांचीच गाठ पडली. इ. स. पू. ४१५ मध्ये अथेन्सने सिराक्यूजवर स्वारी केली आणि ४१३ मध्ये त्या सेनेचा संपूर्ण नाश झाला. इकडे स्पार्टाने अथेन्सच्या भूमीतच ठाणे दिल्यामुळे लॉरिऑनच्या चांदीच्या खाणींचे काम बसले. अखेर अथेन्सवर तांब्यावर चांदीचा मुलामा चढविलेली नाणी काढण्याची पाळी आली. ४०५ मध्ये ॲरिस्टोफनिस या नाटककाराने ‘बेडूक’ या नाटकात, आपल्या नगरात खऱ्या नाण्यांची आणि खऱ्या माणसांची सारखीच उपेक्षा चालली आहे, असा टोला हाणला.

गमावलेली पत परत मिळवावी कशी? याचे एक उत्तर अथेन्सच्या जुन्या बाजारचौकात १९७० साली सापडलेल्या शिलालेखात आहे. निकोफोन याने मांडलेला हा कायदा इ. स. पू. ३७५-७४ मधील. त्यानुसार सराफांच्या मेजांमध्ये एका सरकारी पारख्याने बसावयाचे, आणि पिरेयस बंदरात दुसऱ्याने. नाणे खरे असेल तर ते कोणत्याही दुकानदाराने नाकारू नये. नाकारल्यास त्याचा त्या दिवशीचा माल जप्त. आत तांबे किंवा शिसे निघाल्यास पारख्याने ते तेथल्या तेथे छेदून टाकावे. हा पारखी कोण? नगराच्या मालकीचा गुलाम. कामात कसूर झाल्यास त्याला पन्नास फटके! धनिक व्यापाऱ्यांनी ज्याचा निवाडा मुकाट्याने मानावयाचा, त्याची स्वतःची पाठ मात्र चाबकाखाली होती.

आपणांस हा पारखी अनोळखी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील रूपदर्शक तोच, आणि मराठी अमदानीत खजिन्यात येणारा पैसा पारखून घेणारा पोतदारही तोच. मात्र या दोघांच्या नशिबी दास्य नव्हते. ग्रीक द्राख्म्याचा संस्कृतात द्रम्म झाला. कोकणातील शिलाहारांच्या लेखांत तो भेटतो, आणि आपल्या तोंडचा ‘दाम’ त्याचाच वंशज होय.

किमोनचे नाव आज संग्रहालयांतील चांदीवर वाचता येते. कायदा मांडणाऱ्या निकोफोनचे नाव दगडावर राहिले. पण मेजामागे दिवसभर बसून हजारो नाणी बोटांनी चाचपणाऱ्या त्या पारख्याचे नाव शिलालेखात नाही. आम्ही स्वतः कचेरीतली माणसे. आमच्या हातून रोज शिक्के उमटतात आणि त्यांखालची सहीदेखील पुष्कळदा दुसऱ्याची असते. म्हणून सिराक्यूजच्या जलदेवतेपुढे आम्ही नतमस्तक होतो खरे. परंतु अथेन्सचे ओबडधोबड घुबड पाहिले की, त्यामागे बसलेल्या त्या निनावी माणसाची आठवण प्रथम होते.