टेरेस (इंग्लिश फुटबॉल)

हा लेख फुटबॉल मैदानात उभे राहून सामना पाहण्याच्या जागेविषयी आहे. घराच्या छतावरील मोकळ्या जागेसाठी पाहा: गच्ची.

टेरेस म्हणजे फुटबॉलच्या मैदानाभोवती प्रेक्षकांना उभे राहून सामना पाहता यावा म्हणून बांधलेल्या उतरत्या पायऱ्यांची जागा होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इ.स. १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत इंग्लंडमधील बहुसंख्य फुटबॉलप्रेमींनी सामने टेरेसवरूनच पाहिले. इ.स. १९८९ मधील हिल्सबरो दुर्घटनेनंतर वरच्या दोन श्रेणींतील मैदानांवर सर्व प्रेक्षकांसाठी आसने सक्तीची झाली आणि तेथील टेरेस नाहीशा झाल्या. इंग्लंडमध्ये जुन्या फुटबॉलविषयी जे स्मरणरंजन आढळते, त्याच्या केंद्रस्थानी टेरेस आहे. त्या काळाचा शेवट घडवून आणणाऱ्या दुर्घटनांपैकी अनेक टेरेसवरच घडल्या असल्याने हे स्मरणरंजन वादाचाही विषय ठरले आहे.

उगम

इ.स. १८५० च्या कारखाना कायद्यामुळे कापड गिरण्यांतील काम शनिवारी दुपारी दोन वाजता थांबू लागले. हळूहळू शनिवारची अर्धी सुटी इतर उद्योगांतही रुजली आणि शनिवारी दुपारी तीन ही फुटबॉल सामन्याची ठरलेली वेळ बनली. इ.स. १८८८ मध्ये बारा क्लबांनी फुटबॉल लीगची स्थापना केली. हे सर्व क्लब लँकेशायर व मिडलंड्स या औद्योगिक पट्ट्यांतील होते. कामगारवर्गाला परवडेल अशा दरात हजारो लोकांना सामावून घेण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे त्यांना उभे ठेवणे हा होता. प्रारंभी राख, माती व राडारोडा टाकून मैदानाभोवती उंचवटे तयार केले जात. पुढे त्यांवर लाकडी आणि नंतर काँक्रीटच्या पायऱ्या आल्या.

रचना

५ एप्रिल १९०२ रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील आयब्रॉक्स मैदानावर स्कॉटलंड–इंग्लंड सामना चालू असताना लाकडी टेरेसचा एक भाग कोसळून २५ जण मृत्युमुखी पडले. या मैदानाचा आराखडा आर्चिबाल्ड लीच (१८६५–१९३९) या स्कॉटिश अभियंत्याने केला होता. या घटनेनंतर अधांतरी लाकडी सांगाड्याऐवजी मातीच्या भरावावर पायऱ्या बांधण्याची पद्धत रूढ झाली. गर्दीचा रेटा खालपर्यंत पोहोचू नये म्हणून पायऱ्यांवर ठरावीक अंतराने लोखंडी कठडे बसवले जाऊ लागले. लीचने अशा कठड्यांचे पेटंटही घेतले. पुढील काळात ॲनफिल्ड, गुडिसन पार्क, व्हिला पार्क, क्रेव्हन कॉटेज व ओल्ड ट्रॅफर्ड यांसह अनेक मैदानांच्या उभारणीत त्याचा सहभाग होता.

कोप

गोलखांबामागील उंच टेरेसला अनेक मैदानांवर ‘कोप’ म्हणत. हे नाव दक्षिण आफ्रिकेतील स्पियन कोप या टेकडीवरून आले. दुसऱ्या बोअर युद्धात जानेवारी १९०० मध्ये तेथे झालेल्या लढाईत ब्रिटिश सैन्याची मोठी हानी झाली व त्यात लँकेशायरच्या पलटणींतील अनेक सैनिक मारले गेले. मोहनदास गांधी यांनी उभारलेल्या भारतीय रुग्णवाहिका पथकाने याच लढाईतील जखमींना वाहून नेण्याचे काम केले होते. इ.स. १९०६ मध्ये लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर नवी टेरेस बांधली गेली, तेव्हा अर्नेस्ट एडवर्ड्स या स्थानिक पत्रकाराने तिला स्पियन कोपचे नाव सुचवले. इ.स. १९२८ मध्ये तिच्यावर छप्पर घालण्यात आले. त्यानंतर तिची क्षमता तीस हजारांच्या जवळपास होती.

प्रेक्षकसंख्या

३ मार्च १९३४ रोजी मँचेस्टर सिटी व स्टोक सिटी यांच्यातील एफ.ए. चषक सामन्यास मेन रोड मैदानावर ८४,५६९ प्रेक्षक उपस्थित होते. त्यापूर्वी, २८ एप्रिल १९२३ रोजी वेंब्ली मैदानावर झालेल्या पहिल्या एफ.ए. चषक अंतिम सामन्याची अधिकृत उपस्थिती १,२६,०४७ नोंदली गेली. प्रत्यक्षात आत शिरलेल्यांची संख्या दोन लाखांच्या घरात असल्याचे मानले जाते. खेळपट्टीवर आलेल्या गर्दीला हटवणाऱ्या घोडेस्वार पोलिसावरून हा सामना ‘पांढऱ्या घोड्याचा अंतिम सामना’ म्हणून ओळखला जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रेक्षकसंख्येने उच्चांक गाठला. १९४८–४९ च्या हंगामात फुटबॉल लीगच्या सामन्यांना एकूण ४ कोटी १० लाखांहून अधिक प्रेक्षक आले. १९८५–८६ पर्यंत हा आकडा सुमारे १ कोटी ६५ लाखांवर घसरला.

प्रेक्षकसंस्कृती

टेरेसवर जागा राखीव नसे. त्यामुळे शेजारी, सहकारी व नातेवाईक दर शनिवारी एकाच कठड्याजवळ जमत आणि तीच त्यांची जागा ठरून जाई. लहान मुलांना मोठ्यांच्या डोक्यांवरून हातोहात पुढे सरकवून सर्वांत खालच्या पायरीवर पोहोचवण्याची प्रथा होती. लाकडी खुळखुळे, क्लबच्या रंगाचे गळपट्टे, मांसाची पाय व गरम बोव्हरिल ही या दुपारची ओळखीची सामग्री होती. बीबीसी रेडिओवरील ‘स्पोर्ट्स रिपोर्ट’ हा कार्यक्रम इ.स. १९४८ पासून शनिवारी संध्याकाळी निकाल सांगू लागला. अनेक शहरांत सामना संपल्यावर तासाभरात गुलाबी वा हिरव्या कागदावर छापलेली क्रीडापत्रे रस्त्यावर येत.

सामूहिक गायन हे इ.स. १९६० नंतरच्या टेरेसचे ठळक वैशिष्ट्य होय. ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ हे मूळचे ‘कॅरोसेल’ (१९४५) या संगीतिकेतील गीत इ.स. १९६३ मध्ये लिव्हरपूलच्याच जेरी अँड द पेसमेकर्स या वाद्यवृंदाने ध्वनिमुद्रित केले व कोपवरील प्रेक्षकांनी ते आपलेसे केले. २२ ऑगस्ट १९६४ रोजी बीबीसीच्या ‘मॅच ऑफ द डे’ या कार्यक्रमाचा पहिला भाग ॲनफिल्डवरील लिव्हरपूल–आर्सेनल सामन्याने प्रसारित झाला.

खेळाडू व प्रेक्षक यांच्यातील जवळीक हाही या काळाच्या आठवणींचा भाग आहे. खेळाडूंच्या वेतनावर इ.स. १९०१ पासून कमाल मर्यादा होती. इ.स. १९६१ मध्ये ती रद्द झाली, तेव्हा ती आठवड्याला २० पौंड होती. त्यामुळे खेळाडूंचे राहणीमान प्रेक्षकांच्या राहणीमानापासून फारसे दूर नसे.

दुर्घटना व हुल्लडबाजी

९ मार्च १९४६ रोजी बोल्टन येथील बर्नडेन पार्क मैदानावर गर्दीच्या रेट्याने कठडे तुटून ३३ जणांचा मृत्यू झाला. सामना थोड्या खंडानंतर पुढे खेळवण्यात आला. चौकशी समितीने प्रेक्षकसंख्येवर मर्यादा घालण्याची शिफारस केली. परंतु तिची कायदेशीर सक्ती झाली नाही. २ जानेवारी १९७१ रोजी आयब्रॉक्सच्या बाहेर पडण्याच्या जिन्यावर ६६ जण दगावल्यानंतर इ.स. १९७५ चा क्रीडामैदान सुरक्षा कायदा संमत झाला.

इ.स. १९७० च्या दशकात हुल्लडबाजी वाढली. प्रेक्षकांना खेळपट्टीवर येता येऊ नये म्हणून टेरेसपुढे उंच कुंपणे उभारली गेली आणि टेरेसचे लहान कोंडवाड्यांसारखे भाग पाडण्यात आले. इ.स. १९८५ मध्ये चेल्सीच्या मैदानावर विजेचे कुंपणही बसवले गेले. मात्र स्थानिक प्रशासनाच्या विरोधामुळे त्यात वीजप्रवाह कधीच सोडण्यात आला नाही. त्याच वर्षी ११ मे रोजी ब्रॅडफर्ड येथे जुन्या लाकडी प्रेक्षागाराला आग लागून ५६ जण मरण पावले. २९ मे रोजी ब्रुसेल्समधील हेझेल मैदानावर लिव्हरपूल–युव्हेंटस सामन्यापूर्वीच्या हिंसाचारात ३९ जणांचा बळी गेला व इंग्लिश क्लबांवर युरोपीय स्पर्धांत बंदी आली.

हिल्सबरो दुर्घटना

१५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल व नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यात एफ.ए. चषकाचा उपांत्य सामना होता. लेपिंग्ज लेन बाजूच्या प्रवेशद्वारांबाहेर गर्दी दाटल्यावर पोलिसांनी बाहेर पडण्याचा एक मोठा दरवाजा उघडला. आत आलेले लोक समोरच्या बोगद्यातून आधीच भरलेल्या मधल्या दोन भागांत गेले. बाजूच्या भागांत जागा शिल्लक होती. पण तिकडे कोणी वळवले नाही. पुढे कुंपण असल्याने समोरच्या लोकांना सुटका नव्हती. ३ वाजून ६ मिनिटांच्या सुमारास सामना थांबवण्यात आला. या दुर्घटनेतील बळींची संख्या ९७ आहे. त्यांतील सर्वांत लहान मुलगा दहा वर्षांचा होता, तर ९७ वी व्यक्ती त्या दिवशीच्या इजांमुळे इ.स. २०२१ मध्ये मरण पावली.

पोलिसांनी व वृत्तपत्रांच्या एका गटाने प्रारंभी दोष प्रेक्षकांवर ढकलला. न्यायमूर्ती टेलर यांच्या ऑगस्ट १९८९ मधील अंतरिम अहवालाने पोलिसांच्या नियंत्रणातील अपयश हे मुख्य कारण ठरवले. तरीही मृतांच्या कुटुंबीयांना दीर्घ लढा द्यावा लागला. इ.स. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने पोलिसांचे जबाब बदलले गेल्याचे उघड केले. २६ एप्रिल २०१६ रोजी मृत्युचौकशीतील ज्यूरीने बळींचा मृत्यू बेकायदेशीर हत्या असल्याचा निर्णय दिला आणि प्रेक्षकांच्या वर्तनाला दोषमुक्त केले.

टेलर अहवाल व टेरेसचा अंत

टेलर यांचा अंतिम अहवाल जानेवारी १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उंच कुंपणे काढण्याची व टप्प्याटप्प्याने सर्व मोठी मैदाने आसनयुक्त करण्याची शिफारस होती. प्रेक्षकांना ओळखपत्र सक्तीचे करण्याच्या सरकारी योजनेस त्यांनी विरोध दर्शवला व ती योजना बारगळली. आसने आली म्हणून तिकिटे महाग होण्याचे कारण नाही, असे त्यांचे मत होते. उदाहरणादाखल त्यांनी आयब्रॉक्सवरील ६ पौंडांचे बैठे व ४ पौंडांचे उभे तिकीट दिले होते. सरकारने इ.स. १९९२ मध्ये खालच्या दोन श्रेणींना सक्तीतून सूट दिली. वरच्या दोन श्रेणींसाठी ऑगस्ट १९९४ ही मुदत राहिली.

आर्सेनलची नॉर्थ बँक व मँचेस्टर युनायटेडची स्ट्रेटफर्ड एंड या टेरेस इ.स. १९९२ मध्ये पाडल्या गेल्या. ॲनफिल्डच्या कोपवर प्रेक्षक ३० एप्रिल १९९४ रोजी शेवटचे उभे राहिले. त्या सामन्यात नॉर्विच सिटीने लिव्हरपूलला १–० ने हरवले. तेथे उभारलेल्या नव्या प्रेक्षागाराची क्षमता सुमारे १२ हजार आहे.

याच सुमारास, ऑगस्ट १९९२ मध्ये, प्रीमियर लीग सुरू झाली व उपग्रह वाहिन्यांचा पैसा खेळात आला. सुरक्षेसाठी झालेले बदल आणि व्यापारी बदल एकाच वेळी घडल्यामुळे जुन्या प्रेक्षकांच्या आठवणीत ते एकमेकांत मिसळले. टेलर यांच्या अपेक्षेविरुद्ध तिकिटांचे दर वेगाने वाढले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ७७ पौंडांच्या प्रस्तावित तिकिटाविरुद्ध लिव्हरपूलचे हजारो प्रेक्षक सामन्याच्या ७७ व्या मिनिटाला मैदान सोडून गेले. त्यानंतर क्लबने तो प्रस्ताव मागे घेतला.

स्मरणरंजन

एल. एस. लाउरी यांचे ‘गोइंग टू द मॅच’ (१९५३) हे बर्नडेन पार्ककडे चाललेल्या गर्दीचे चित्र या स्मरणरंजनाचे सर्वपरिचित प्रतीक आहे. इ.स. १९९९ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने ते १९ लाख पौंडांना विकत घेतले. इ.स. २०२२ मध्ये सॅलफर्ड येथील लाउरी कलादालनाने त्यासाठी ७८ लाख पौंड मोजले. निक हॉर्नबी यांच्या ‘फीव्हर पिच’ (१९९२) या आत्मकथनात टेरेसवरील जीवनाचे चित्रण आहे. रोकर पार्क व बर्नडेन पार्क (१९९७), मेन रोड (२००३), हायबरी (२००६) आणि अप्टन पार्क (२०१६) ही मैदाने बंद झाल्याने या भावनेत भर पडली.

टीका

या स्मरणरंजनात त्या काळाची एकच बाजू दिसते, असा आक्षेप घेतला जातो. फुटबॉल असोसिएशनने ५ डिसेंबर १९२१ रोजी संलग्न मैदानांवर स्त्रियांच्या सामन्यांना बंदी घातली. तिच्या वर्षभर आधी गुडिसन पार्कवर स्त्रियांच्या एका सामन्यास सुमारे ५३ हजार प्रेक्षक आले होते. ही बंदी सुमारे अर्धशतक टिकली. इ.स. १९७० व ८० च्या दशकांत कृष्णवर्णीय खेळाडूंवर टेरेसवरून वांशिक शेरेबाजी होत असे व केळी फेकली जात. सामूहिक वांशिक घोषणा इ.स. १९९१ च्या कायद्याने गुन्हा ठरल्या. कमाल वेतनाची मर्यादा ही खेळाडूंच्या दृष्टीने जवळीक नसून पिळवणूक होती, याकडेही अभ्यासक लक्ष वेधतात.

याउलट, जुन्या प्रेक्षकांच्या बाजूने असे मांडले जाते की लोकांचे प्राण उभे राहण्यामुळे नव्हे, तर कुंपणे, जीर्ण बांधकाम व व्यवस्थापनाची बेपर्वाई यांमुळे गेले. हिल्सबरोतील मृतांच्या कुटुंबीयांमध्येही उभ्या जागांविषयी एकमत नव्हते. काहींनी त्यांच्या पुनरागमनास दीर्घकाळ विरोध केला, तर काहींनी पुढे मत बदलले.

पुनरागमन

जर्मनीतील मैदानांवर वापरात असलेली कठडायुक्त आसने हा या वादावरील तोडगा ठरला. यात प्रत्येक रांगेत कमरेइतक्या उंचीचा कठडा असतो व प्रत्येक प्रेक्षकास स्वतःचे, दुमडता येणारे आसन असते. त्यामुळे रेटा पुढे सरकत नाही आणि क्षमतेपेक्षा अधिक लोक सामावत नाहीत. इ.स. २०१६ मध्ये ग्लासगोच्या सेल्टिकने व इ.स. २०१८ मध्ये इंग्लंडमधील श्रूजबरी टाउनने अशी आसने बसवली. जानेवारी २०२२ मध्ये पाच क्लबांच्या मैदानांवर प्रयोगास परवानगी मिळाली. त्यांतील पहिला सामना २ जानेवारी रोजी चेल्सी व लिव्हरपूल यांच्यात झाला. जुलै २०२२ पासून अटींची पूर्तता करणाऱ्या इंग्लंड व वेल्समधील क्लबांना ही मुभा देण्यात आली. जुन्या पद्धतीच्या टेरेस आता मुख्यतः खालच्या श्रेणींतील व हौशी क्लबांच्या मैदानांवर आढळतात.

हेही पाहा

हिल्सबरो दुर्घटना
प्रीमियर लीग
एफ.ए. चषक
ॲनफिल्ड
स्पियन कोपची लढाई