आकडा कोणाच्या तोंडचा?

१९३६ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदासाठी फ्रँकलिन रूझवेल्ट आणि आल्फ लँडन यांच्यात लढत होती. ‘लिटररी डायजेस्ट’ या नामांकित साप्ताहिकाने सुमारे एक कोटी नमुना मतपत्रिका टपालाने धाडल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या. त्या मोजून साप्ताहिकाने लँडन जिंकणार असे सांगितले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८पैकी ४६ राज्ये जिंकली.

मोजणी चुकली नव्हती. चुकली होती ती माणसांची निवड. बरीच नावे टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतली. मंदीच्या त्या काळात गरिबाघरी ना टेलिफोन, ना मोटार. शिवाय उत्तर धाडण्याची तसदी रूझवेल्टवर नाराज असलेल्यांनीच अधिक घेतली. जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी थोड्या लोकांना विचारून निकाल बरोबर सांगितला. १९३८मध्ये ते साप्ताहिक बंद पडले.

हदीसचे अभ्यासक कोणतेही वचन स्वीकारण्याआधी विचारतात, हे कोणी सांगितले आणि त्याने कोणाकडून ऐकले? सांगणाऱ्यांच्या या साखळीला ‘सनद’ म्हणतात. अमेरिकी निवडणुकीचा आकडा समोर आला की मी त्याची सनद शोधतो.

आपल्या निवडणूक आयोगासारखी देशभर निवडणूक घेणारी एकच यंत्रणा तिथे नाही. मतमोजणी स्थानिक पातळीवर होते आणि निकाल प्रमाणित करते ते राज्य. तिथले फेडरल इलेक्शन कमिशन १९७५पासून मुख्यतः प्रचाराच्या पैशांवर देखरेख करते. राज्यांचे अधिकृत निकाल ते एकत्र करून छापते, एवढेच. मतदानाच्या रात्री दिसणारे आकडे असोसिएटेड प्रेससारख्या वृत्तसंस्थांचे असतात. लोकांनी तसे मत का दिले, हे जाणायचे तर मिशिगन विद्यापीठात १९४८ साली सुरू झालेल्या मुलाखतींच्या अभ्यासाकडे वळावे.

२०००मध्ये फ्लोरिडात दूरचित्रवाणीने आधी अल गोर, मग जॉर्ज बुश विजयी ठरवले आणि दोन्ही वेळा शब्द मागे घेतला. अखेरचा अधिकृत फरक होता ५३७ मतांचा, आणि सर्वोच्च न्यायालयाने फेरमोजणी थांबवल्यावर तोच कायम राहिला. म्हणजे पक्की सनद असलेल्या आकड्यामागेही एक गोष्ट असते. आकडा लक्षात ठेवावा आणि ती गोष्टही.

कवितेत एखादा शब्द सैल पडला तर कवीचे हसे होते. मतांचा आकडा सैल पडला तर माणसांचा एकमेकांवरचा विश्वासच उडतो. म्हणून आकडा पुढे सांगण्याआधी एकदा विचारावे, हा कोणाच्या तोंडचा?