क्रॅब अभ्रिकेचे हौशी छायाचित्रण
वृषभ राशीतील एम-१ या अतिदीप्त नवताऱ्याच्या अवशेषाचे (पहा : अतिदीप्त नवतारा) लहान दूरदर्शी व कॅमेरा वापरून केलेले छायाचित्रण. मूळ स्फोट चिनी निरीक्षकांनी १०५४ मध्ये नोंदला. भारतीय साहित्यात त्याचा माग जयंत नारळीकर व सरोजा भाटे यांनी घेतला. अभ्रिका सु. ६,५०० प्रकाशवर्षे दूर, प्रत ८.४, लांबी जेमतेम ६ कला. गर्भातील तारा सेकंदाला सु. ३० वेळा फिरतो (पहा : पल्सार). महाराष्ट्रातील दर्यापूरहून (सु. २१° उत्तर अक्षांश) ती डिसेंबरात मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येते, म्हणून आड येणारी हवा व धूळ किमान असते. ध्रुवतारा मात्र क्षितिजावर २१° इतकाच. दूरदर्शीची बैठक त्याच्या आधारे जुळवतात. अनेक छायाचित्रे एकावर एक रचली जातात. हायड्रोजन-आल्फा गाळणीने तंतू उठून दिसतात. दहाएक वर्षांच्या अंतराने घेतलेल्या चित्रांवरून अभ्रिकेचे प्रसरण हौशी निरीक्षकालाही मोजता येते.