तिरका आरसा, सरळ अक्ष

न्यूटनच्या धर्तीच्या परावर्ती दुर्बिणीत नळीच्या तळाचा मोठा अन्वस्ताकार आरसा प्रकाश एकवटतो आणि वरचा लहान सपाट आरसा तो बाजूच्या नेत्रिकेकडे वळवतो. मोठ्या आरशाचा अक्ष नेत्रिकेच्या मध्यातून गेला नाही, तर तारा टिंबासारखा न दिसता धूमकेतूसारखा शेपटीदार दिसतो. हा ‘कोमा’ दोष. तो टाळण्यासाठी आरसे जुळवणे म्हणजे कॉलिमेशन.

न्यूटनने 1668 मध्ये पहिली अशी दुर्बीण केली. तेव्हापासून पावणेदोनशेहून अधिक वर्षे कारागिरांना छळले ते आरशाच्या धातूने. तांबे-कथलाचा हा मिश्रधातू काळवंडे आणि प्रकाशही बराच गिळे. म्हणून विल्यम हर्शेलने चक्क आरसाच तिरका बसवला. 1789 मध्ये पूर्ण झालेल्या त्याच्या 40 फुटी दुर्बिणीत 48 इंची आरसा कलता होता, दुसरा आरसा नव्हताच आणि निरीक्षक नळीच्या तोंडाशी बसे. दुसऱ्या परावर्तनात वाया जाणारा प्रकाश वाचला, प्रतिमा मात्र बिघडली. अंधुक तेजोमेघ हुडकणाऱ्याला हा सौदा परवडणारा होता.

1850 नंतरच्या दशकात जर्मनीत स्टाइनहाइल आणि पॅरिसमध्ये फूको यांनी काचेवर चांदीचा मुलामा चढवला. आरसा उजळ झाला, कलता ठेवण्याचे कारण सरले. आरशाचा पृष्ठभाग तपासण्याच्या फूकोच्या चाचणीमुळे काचेला नेमका आकार देता येऊ लागला आणि नळ्या आखूड होत गेल्या. नवी कटकट तिथेच सुरू झाली. नाभीय अंतर व्यासाच्या 10 पटींवरून 5 पटींवर आले की कोमा चौपट होतो आणि निर्दोष प्रतिमेचे वर्तुळ आठपट अरुंद होते. पालोमारच्या 200 इंची दुर्बिणीत (1948) ते मिलिमीटरभरही उरत नाही. शिवाय एवढी नळी स्वतःच्या वजनाने वाकणारच. मार्क सेरुरिए या अभियंत्याने वाकणे थांबवले नाही. त्याच्या त्रिकोणी सांगाड्यात दोन्ही टोके सारखीच आणि समांतर खचतात, त्यामुळे अक्ष जुळलेला राहतो.

हौशी निरीक्षकांच्या दुर्बिणी जॉन डॉब्सनच्या साध्या प्लायवुडी बैठकीनंतर मोठ्या, तरी ने-आण करण्याजोग्या झाल्या. मुंबईहून निरीक्षणासाठी वांगणीला नेलेली नळी प्रवासात हलते, म्हणून जुळणी तिथे पुन्हा तपासतात. आधी लहान आरसा नेत्रिकेसमोर मधोमध आणतात, मग तळाचे तीन स्क्रू फिरवतात. शेवटची पारख ताऱ्यावर. जास्त वर्धनात तो किंचित अस्पष्ट केला की कडी दिसतात. ती एककेंद्री हवीत. प्रत्येक फिरवणीनंतर तारा सरकतो, तो पुन्हा मध्यावर आणूनच पाहायचे. फार आखूड नळीत लहान आरशाची मधली काळी सावली जराशी कडेला असली, तरी तो दोष नव्हे.