निवांत

‘तो काय, निवांत बसला आहे!’ असें आपण म्हणतों, तेव्हां त्यांत बहुधा टोमणा असतो. ज्याला कामधाम नाहीं तो निवांत, असा अर्थ आपण रूढ केला आहे. शब्दाचें कूळ मात्र निराळी साक्ष देतें.

‘निवांत’ हा शब्द संस्कृत ‘निवात’ या शब्दापासून आला. शके 1212 मधील ज्ञानेश्वरींत तो आढळतो. गीतेच्या सहाव्या अध्यायांत योग्याच्या चित्ताला निवात स्थळींच्या दिव्याची उपमा आहे; तीवरून निवात म्हणजे केवळ वाऱ्याचा अभाव असें वाटेल. परंतु पाणिनीनें समासांतील स्वरांचा विचार करितांना ‘वाऱ्यापासून रक्षण’ हा त्याचा अर्थ वेगळा काढून सांगितला आहे. झोपडीचा वा भिंतीचा आडोसा हीं टीकाकारांचीं उदाहरणें होत. अमरकोशांत तर निवाताचे तीन अर्थ आहेत: आश्रय, वारा नसलेली जागा आणि शस्त्रानें न भेदणारें चिलखत. अर्जुनानें मारिलेल्या निवातकवच दैत्यांचें नांव या शेवटल्या अर्थाचें.

हा अर्थ समुद्रकांठीं सहज पटतो. तलासरी तालुक्यांतील झाई हें महाराष्ट्राच्या किनाऱ्याच्या उत्तर टोकाचें मच्छीमार गांव. शिडाच्या होडीला भर समुद्रांत वारा पडणें हें संकटच. तांडेलाला निवांतपणा लाभे तो आडोशाच्या बंदरांत.

झाईहून जवळच, गुजरातच्या हद्दींत, संजाण आहे. ‘किस्सा-इ-संजाण’ या 1599 च्या फारसी काव्यांत अशी कथा आहे कीं, आश्रय शोधीत निघालेले पारशी वादळांत सांपडले, तेव्हां सुखरूप उतरल्यास पवित्र अग्नि स्थापूं असा त्यांनीं नवस केला व तो फेडला. पुढें संजाण पडलें, तेव्हां तोच अग्नि बोर्डीजवळच्या बहरोटच्या डोंगरांतील गुहांत बारा वर्षें राखला गेला. 1742 पासून तो उदवाड्यास आहे.

डोंगरावर वारा होताच. गुहेनें तो अडविला, आणि आंत कोणी तरी जागून इंधन घातलें. मी अनेक वर्षें माझ्या खोलींत निवांत वाचीत आलों आणि ती शांतता माझ्या स्वभावाची समजलों. दार लोटून घेऊन घरांतला सारा गलबला बाहेरच्या बाहेर कोण झेलीत होतें, याचा विचार मला या शब्दानें करावयास लाविला. निवांत माणसापाशीं कोणाचा तरी आडोसा असतो. त्याची ओळख ठेवणें एवढें तरी त्याच्याकडून व्हावें.