यात नवे काय? : पेटंट परीक्षकाच्या एका प्रश्नाचा इतिहास

जुन्या मोटारी आठवून पाहा. ॲम्बॅसेडर असो की मुंबईत कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी, दाराचे हँडल पत्र्याच्या बाहेर आलेले असे. हाताला सहज सापडे, धरून ओढता येई. अलीकडच्या काही गाड्यांत मात्र हँडल दिसतच नाही. ते दाराच्या पत्र्याशी अगदी समतल बसवलेले असते. किल्ली जवळ आली की मोटर त्याला बाहेर ढकलते, किंवा एक टोक दाबले की दुसरे टोक वर येते. पुण्याजवळ चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० या गाडीने २०२१ मध्ये असे हँडल आपल्याकडे पुष्कळांच्या ओळखीचे केले. लातूर-नांदेडच्या रस्त्यांवरही अशा गाड्या आता दिसतात.

समजा, असे एखादे हँडल तयार करून कोणी पेटंटसाठी अर्ज केला. मराठवाड्यातल्या अर्जदारासाठी ठरलेले कार्यालय मुंबईचे. अर्ज परीक्षकाच्या टेबलावर येतो. परीक्षक त्यात काय पाहतो? हँडल सुंदर आहे की नाही, विकले जाईल की नाही, हे तो पाहत नाही. त्याचा पहिला प्रश्न साधा असतो : यात नवे काय? प्रश्न साधा, पण तो विचारायचा की नाही आणि विचारला तर उत्तर कुठे शोधायचे, हे ठरायला दीडशेहून अधिक वर्षे लागली. त्या प्रवासाची ही ओळख.

रूप वेगळे, रचना वेगळी

आधी एक फरक लक्षात घेऊ. हँडल डोळ्यांना कसे दिसते, म्हणजे त्याचा आकार, रेषा, नक्षी, यासाठी आपल्याकडे डिझाइन कायदा, २००० आहे. त्याची नोंदणी कोलकात्याच्या कार्यालयात होते, आधी १० वर्षांसाठी आणि पुढे आणखी ५ वर्षांसाठी. हँडल काम कसे करते, म्हणजे त्यातली तरफ, स्प्रिंग, मोटर, खिट्टी यांची जुळणी, हा पेटंटचा विषय. त्याची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे. केवळ यंत्रभाग असलेल्या गोष्टीला डिझाइन म्हणून संरक्षण मिळत नाही आणि केवळ रूपाला पेटंट मिळत नाही.

पेटंटच्या अर्जात सर्वात महत्त्वाचा भाग असतो तो 'दाव्यांचा'. शेताच्या सातबाऱ्यावर जशा चतुःसीमा, तसे हे दावे. आपली मालकी कुठून कुठपर्यंत, हे त्यात शब्दांनी आखलेले असते. अर्जदाराने 'पत्र्याशी समतल बसणारे दाराचे हँडल' एवढाच दावा केला तर काय होईल? परीक्षक जुनी कागदपत्रे काढील. १९४७ च्या चिसितालिया २०२ या इटालियन मोटारीला समतल हँडल होते. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएलचे हँडलही पत्र्यात बसलेले, एका टोकाला दाबून बाहेर काढायचे असे होते. मोटरने आपोआप बाहेर येणारे हँडल टेस्लाच्या मॉडेल एस या गाडीत २०१२ पासून आहे. म्हणजे इतका रुंद दावा टिकणार नाही.

मग अर्जदार सीमा आत घेतो. 'समतल हँडल, त्याला अमुक ठिकाणी बिजागरी, आणि अपघाताच्या धक्क्याने ते आपोआप उघडू नये म्हणून तमुक प्रकारे अडकणारे वजन' असा दावा तो करतो. आता परीक्षकाला दोन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली : हे सारे घटक एकत्र, एकाच जुन्या कागदात कुठे आले आहेत का? आले असतील तर नवेपणा संपला. दुसरी : निरनिराळ्या कागदांतले हे तुकडे एकत्र करणे त्या कामातल्या एखाद्या जाणकार कारागिराला सहज सुचले असते का? सुचले असते, तर नवे असूनही त्यात कल्पकतेचे पाऊल नाही.

न तपासता दिलेले हक्क

ही तपासणी आज आपल्याला स्वाभाविक वाटते. पूर्वी तशी ती नव्हती. अमेरिकेत १७९० च्या कायद्याने मंत्र्यांचे एक मंडळ अर्ज तपासत असे आणि थॉमस जेफरसन त्या मंडळावर होते. काम झेपेना, म्हणून १७९३ मध्ये तपासणी सोडून केवळ नोंदणी सुरू झाली. जुन्याच वस्तूंची पेटंटे निघू लागली, भांडणे वाढली, तेव्हा १८३६ मध्ये परीक्षक नेमून तपासणी पुन्हा आली. इंग्लंडने तर नवेपणाची तपासणी १९०२ च्या कायद्याने स्वीकारली आणि १९०५ पासून अमलात आणली.

हिंदुस्थानात पहिला कायदा १८५६ चा. शोधकाला १४ वर्षांचा 'विशेषाधिकार' मिळे. पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डिपेनिंग यांचा होता, ३ मार्च १८५६ चा, आणि विषय होता पंखा ओढण्याचे कार्यक्षम यंत्र. राणीची संमती न घेता तो केल्यामुळे हा कायदा १८५७ मध्ये रद्द झाला. १८५९ मध्ये तो सुधारून पुन्हा आला. पुढे १८८८ चा आणि मग १९११ चा पेटंट व डिझाइन कायदा आला.

१९११ चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. लातूर, नांदेड हा सारा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान मुक्त होऊन भारतात सामील झाले, त्यानंतर तो कायदा इकडे लागू झाला. म्हणजे आपल्या भागातल्या कारागिराची आणि या कायद्याची ओळखच मुळी उशिरा झाली.

मुंबईत परिस्थिती निराळी होती. १८६७ मध्ये तेथे जन्मलेले शंकर आबाजी भिसे यांनी वाणसामान तोलून बांधून देणाऱ्या यंत्राची रचना पाठवून लंडनच्या एका नियतकालिकाची स्पर्धा जिंकली. पुढे ते लंडनला गेले. छपाईचे खिळे वेगाने ओतणाऱ्या त्यांच्या यंत्राचे बरेच नाव झाले. दादाभाई नौरोजी यांनी त्यांना साहाय्य केले, सर रतन टाटा यांनी भांडवल पुरवले. अखेरची वर्षे त्यांनी अमेरिकेत काढली आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचे निधन झाले. बुद्धी होती, पण पेटंट मिळवणे, टिकवणे आणि त्यातून कारखाना उभा करणे यासाठी समुद्र ओलांडावा लागला, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

भांड्यांचा लेथ आणि सर्वोच्च न्यायालय

स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती बक्षी टेकचंद आणि न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या समित्यांनी जुन्या कायद्याची झडती घेतली. भारतातली बहुतेक पेटंटे परकीयांच्या हाती असल्याचे दिसून आले. अय्यंगार यांचा अहवाल १९५९ चा. त्याच्या आधारावर पेटंट कायदा, १९७० झाला व तो २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला.

परंतु 'नवे काय?' या प्रश्नाची सर्वात चांगली उकल झाली ती जुन्या, १९११ च्या कायद्याखालच्या एका खटल्यात. विषय अगदी घरगुती होता : धातूची भांडी लेथवर फिरवून घासण्या-घडवण्यासाठी ती घट्ट धरायची कशी? जुन्या पद्धतीत भांडे एकाच बाजूने धरलेले असे. हत्यार टेकले की ते निसटे. वेळ वाया जाई, शिवाय धोकाही होता. एका कंपनीने दुसऱ्या बाजूने टोकदार आधार देणारी रचना केली आणि १९५१ पासून तिचे पेटंट मिळवले. दुसऱ्या कारखानदाराने तीच रीत वापरली, म्हणून दावा उभा राहिला. अलाहाबाद उच्च न्यायालयात एका न्यायाधीशांनी पेटंट रद्द केले, खंडपीठाने ते पुन्हा जिवंत केले आणि १३ डिसेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायमचे रद्द केले.

न्यायालयाचा मुद्दा असा होता, की लेथच्या दुसऱ्या टोकाला टोकदार आधार देणे ही गोष्ट कारागिरांना आधीपासून ठाऊक होती. माहीत असलेली वस्तू माहीत असलेल्या रीतीने शेजारच्या कामाला लावली, तर ती कारखान्यातली सुधारणा ठरते, शोध ठरत नाही. याच निकालात आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली : पेटंट मिळाले म्हणजे ते वैध आहे याची हमी मिळाली असे नव्हे. परीक्षकाची नजर चुकू शकते, न्यायालय ती पुन्हा तपासू शकते. 'कल्पकतेचे पाऊल' याची व्याख्या आपल्या कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आली. त्याआधी चोवीस वर्षे हा भांड्यांचा खटला वाट दाखवत होता.

जे लिहिले नाही ते दिसत नाही

आता परीक्षकाच्या खऱ्या अडचणीकडे येऊ. तो शोधतो कागदात. जे ज्ञान कागदावर नाही, ते त्याला दिसणार कसे?

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यक केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. हिंगोली, वसमत, नांदेड या हळदीच्या पट्ट्यातल्या कुठल्याही घरात हे ऐकून हसू आले असते. पण हसून पेटंट रद्द होत नाही. परदेशात एखादी गोष्ट लोक नुसती वापरतात, एवढे अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्याला पुरत नव्हते. छापील पुरावा हवा होता. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने ऑक्टोबर १९९६ मध्ये फेरतपासणीची विनंती केली आणि ३२ संदर्भ पुढे ठेवले. त्यांत जुने ग्रंथ होते, तसाच इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये दावे फेटाळले गेले आणि एप्रिल १९९८ मध्ये प्रकरण संपले. यातूनच पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय संग्रह तयार करण्याचे काम २००१ मध्ये सुरू झाले. परदेशी परीक्षकाला वाचता येईल अशा भाषांत आपले जुने ज्ञान मांडणे, हा त्याचा हेतू.

आजीला ठाऊक होते, पण त्या कार्यालयात आजीचा शब्द पुरावा नव्हता. लेख लिहिणाऱ्या डॉक्टरांचा होता.

मोटारींच्या जगातही असा वाद झाला. पुण्याच्या बजाज ऑटोने लहान इंजिनात दोन स्पार्क प्लग बसवण्याच्या रचनेसाठी जुलै २००२ मध्ये अर्ज केला आणि त्यांना २००५ मध्ये पेटंट मिळाले. चेन्नईच्या टीव्हीएस कंपनीने २००७ मध्ये दोन प्लगची मोटारसायकल आणली, तेव्हा प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले. दोन प्लगची कल्पना आधीपासूनच आहे, हा टीव्हीएसच्या म्हणण्यातला एक भाग होता. फेब्रुवारी २००८ मध्ये विक्रीला मनाई झाली, मे २००९ मध्ये ती उठली. सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे खटले रेंगाळू न देता लवकर निकाली काढावेत असे बजावले. दोन्ही कंपन्यांची तडजोड झाली ती २०१९ मध्ये. पेटंटच्या २० वर्षांतली किती वर्षे भांडणात गेली, हे विद्यार्थ्यांना मोजायला सांगावे.

परीक्षक काय तपासत नाही

पुन्हा आपल्या हँडलकडे वळू. परीक्षकाने ते नवे व कल्पक ठरवले आणि पेटंट दिले, तरी ते सुरक्षित आहे असे त्याने म्हटलेले नसते. अपघातात वीजपुरवठा तुटला आणि मोटरचे हँडल बाहेर आलेच नाही, तर मदतीला धावलेल्या माणसाने दार कसे उघडायचे? या काळजीपोटी चीनच्या उद्योग मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये एका नियमाचा मसुदा काढला. वीज नसतानाही यांत्रिक रीतीने उघडता येईल असे हँडल प्रत्येक दाराला असावे, असा त्याचा रोख होता. 'पेटंट मिळालेले' असे वेष्टनावर वाचले की आपण वस्तू चांगली समजतो. ही समजूत वर्गात अवश्य दूर करावी.

शाळेपर्यंत

या साऱ्याचा शिक्षकांना थेट उपयोग आहे. विज्ञान प्रदर्शनात मुले कधी कधी खरोखर काही नवे करून आणतात. प्रदर्शनात ते सर्वांसमोर मांडले, वर्तमानपत्रात छायाचित्रासह आले, की ते 'आधी माहीत असलेले' होऊन बसण्याचा धोका असतो. कायद्यातली बारा महिन्यांची सवलत केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनांपुरतीच आहे, जिल्ह्याच्या प्रदर्शनाला ती आपोआप लागू होत नाही. म्हणून वस्तू खरेच वेगळी वाटत असेल, तर आधी तात्पुरते वर्णनपत्र दाखल करावे. त्या तारखेपासून संपूर्ण वर्णन देण्यास बारा महिने मिळतात. त्याहीआधी भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर जुनी पेटंटे मुलांकडून शोधून घ्यावीत. ती विनामूल्य पाहता येतात. दहांपैकी नऊ वेळा कोणीतरी आधी करून ठेवलेले सापडेल. तोही वाईट धडा नाही.

आणि पेटंट घ्यायचेच नसेल तर निदान लिहून ठेवावे. गावातल्या लोहाराने पाभरीत केलेला बदल, सुताराने दाराला लावलेली अडसराची नवी रीत, हळद शिजवण्याच्या कढईत कोणी केलेली सुधारणा, यांची आकृतीसह, तारीख व ठिकाण घालून मुलांनी टिपणे करावीत, आणि कारागिराची संमती असेल तर ती शाळेच्या अंकात छापावीत. उद्या कोणी तीच गोष्ट आपली म्हणून पेटंटसाठी नेली, तर परीक्षकाच्या 'यात नवे काय?' या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी तो छापील अंक कामी येऊ शकेल.